वरच्या पायरीवरून

एका शुक्रवारी दुपारी माझी बहीण शेवंती खाणीच्या खड्ड्यात बुडाली. ती बारा वर्षांची होती. तिला पोहता येत नव्हतं. मला येत होतं.

मी गावच्या वाचनालयात होते. वर्तमानपत्रं काठीला लावत होते. बोलावणं आलं तशी धावत गेले. खड्ड्याच्या कडेला पंचवीस-तीस माणसं उभी होती. आत कोणी उतरलं नव्हतं. मी उतरले. तिसऱ्या बुडीला तिची वेणी हाताला लागली.

तिला ओढत काठावर आणलं. लाल चिखल तिच्या नाकात, कानांत, नखांखाली. पोट दाबत राहिले. पाणी आलं. श्वास आला नाही. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून एक वाक्य गेलं. भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा कारभारी शेजारच्या माणसाला सांगत होता. हळू आवाजात, सुटल्यासारखा.

"एक बरें, देवळाच्या तळयेंत पडूंक ना."

देवळाच्या तळीत पडली नाही, हे एक बरं झालं. आठ दिवसांवर जत्रा होती. आमचं पोर तळीत मेलं असतं तर तळी बाटली असती, शुद्धी करावी लागली असती, पालखी अडली असती. कारभारी क्रूर माणूस नव्हता. त्याने संध्याकाळी तिरडीसाठी दोन बांबू पाठवले. बांबू. आम्हाला. ज्यांची बोटं पिढ्यानपिढ्या बांबू सोलून फाटली, त्यांना.

आईने शेवंतीला न्हाऊ घातलं. चार कळश्या ओतल्या तरी केसांतून लाल पाणी येत राहिलं. ते पाणीही त्याच खड्ड्यातलं होतं. खाण खोल गेली तशी आमच्या वाड्याची विहीर आटली होती. म्हणून तर शेवंती खड्ड्यावर कपडे धुवायला गेली होती.

आमचा वाडा, म्हणजे वस्ती, गोव्यात डिचोली तालुक्यात, गावाच्या खालच्या अंगाला. वाड्याचं नाव मी लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं असेल. सुपं, रोवळ्या, पांटले विणणं हा आमचा धंदा. पांटलो म्हणजे ओझं वाहायची बांबूची टोपली. सगळी घरं भाटकाराच्या जमिनीत. मूळ भाटकार, पुढे खाणीचा कंत्राटदार, देवळाचा महाजन, असा तो एकच माणूस होता. कोणत्याही दारातून बाहेर पडलं तरी समोर तोच.

देवळाची तळी मोठी. चिऱ्यांच्या पायऱ्या, तळाला जिवंत झर. दर उन्हाळ्यात गावातली पोरं तिच्यात पोहायला शिकत. सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट, सुकलेले दोन नारळ काथ्याने एकमेकांना बांधायचे, दोरी पोटाखाली घ्यायची, दोन्ही बगलांतून नारळ वर. माणूस बुडत नाही. आठवडाभरात पाय चालू लागतात, मग एक नारळ सोडायचा, मग दुसरा. आम्ही हे रस्त्यावरून बघायचो. रस्त्यावर उभं राहायला मनाई नव्हती.

पण तळी आम्हाला अनोळखी होती असं नाही. तिचा तळ आमच्याइतका कोणालाच माहीत नव्हता. दरवर्षी पावसाच्या तोंडावर तळीचं बूच काढत. पाणी कुळागरात, म्हणजे भाटकाराच्या सुपारीच्या बागेत सोडून देत. तळी रिकामी झाली की कारभारी आमच्या वाड्याला हाक घालायचा. मग आम्ही उतरायचो. बायका, पुरुष, पोरं. कमरेइतका काळा गाळ, कुजलेली फुलं, मेलेले बेडूक, पिंडऱ्यांना जळवा. आमचेच पांटले भरभरून वर द्यायचे. झरीच्या तोंडावर एक पातळ चिरा असे. त्याच्या भोवतीचा गाळ फावड्याने काढायचा नाही, हाताने काढायचा. ते काम आईचं. तिची आजी करायची, मग ती. दोन दिवसांत तळी चकचकीत. मग भट यायचा, मंत्र म्हणून शिंपडायचा, आणि झरीचं पाणी वर चढायला लागायचं. पाणी पायरीला लागलं की आम्ही बाहेर.

काम संपल्यावर पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे मिळायचे. कारभारी वरच्या पायरीवर उभा राहून टाकायचा. झेलायला आम्ही पांटलो पुढे करायचो. तोच, गाळाचा. मी सात वर्षांची असताना तो उंडा झेलून हसत खाल्ला आहे. गाळाचा वास पावाला लागलेला. त्याची चव मला अजून येते. कधी कधी चांगलं काही खाताना.

मी पोहायला शिकले ती पेडण्याला, मामाकडे. मामा खाडीतून रेती काढायचा. होडीतून बुडी मारायची, बादली भरायची, वर यायचं. दहा वर्षांची असताना त्याने मला नारळ बांधून खाडीत सोडलं. शेवंतीने माझ्यामागे भुणभुण लावली होती, माका शिकय, माका शिकय. तिच्यासाठी मी दोन नारळ वाळवून, बांधून घराच्या वाशाला टांगले होते. मेच्या सुट्टीत मामाकडे जाऊ, असं सांगितलं होतं. ती फेब्रुवारी संपता संपता गेली.

*

त्या वर्षी गोवा भाषेवरून तापलेला होता. कोकणी की मराठी. दोन्हीकडची माणसं आमच्या वाड्यावर सह्या घ्यायला आली होती. दोन्हीकडच्यांनी, आपण सगळे एकच, असं म्हटलं. दोन्हीकडची अंगणाबाहेर उभी राहिली. आईने दोघांनाही पाण्याचा तांब्या पुढे केला. दोघांनीही, तहान नाही, म्हणून सांगितलं. मी घरी एक भाषा बोलते, लिहिते दुसऱ्या भाषेत. मी एकाही कागदावर सही केली नाही. तांब्या आत नेऊन ठेवला.

वाचनालयाचं काम मला पंचायतीने दिलं होतं, कारण वाड्यावर बारावी झालेली मी एकटी आणि त्या मानधनात दुसरं कोणी येईना. पेपर मी टेबलावर ठेवायचे. लोक टेबलावरून उचलायचे. माझ्या हातातून कोणी घेत नसे. मला त्याची इतकी सवय झाली होती की मी हात पुढे करतच नसे. हे मला त्या वेळी कळत नव्हतं. आता कळतं.

शेवंतीच्या बाराव्यानंतर आठवड्याभरात पणजीहून एक परिपत्रक आलं. गावोगाव मुलांसाठी करमणुकीचा नवा उपक्रम सुरू करावा, पंचायतीने प्रस्ताव पाठवावा. बाकीच्या कागदांबरोबर ते वाचनालयात आलं. मी ते तीन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. मग दोन पानं लिहिली. उपक्रमाचं नाव: पोहण्याचा वर्ग. ठिकाण: देवळाची तळी. कोणासाठी: गावातील सर्व मुलं, विशेषतः मुली. शिकवणार कोण, या ओळीपुढे मी माझं नाव लिहिलं. का, या ओळीपुढे काही लिहिलं नाही. लिहायला घेतलं असतं तर हात थांबला नसता.

पंचायतीच्या बैठकीत मी दाराजवळ उभी राहून ती पानं वाचली. आधी हशा झाला. एक पंच म्हणाला, फुगड्या ठेवा, लेझीम ठेवा, पोहणं ही काय करमणूक. दुसऱ्याने विचारलं, आमची चेडवां काय कळंगुटच्या हिप्पींसारखी न्हाणार? यावर खूपच हसले. मी सांगितलं, परकर-पोलक्यात शिकवीन, मी तशीच शिकले. मग कोणीतरी शेवंतीचं नाव काढलं आणि हसणं थांबलं.

भाटकार पंच नव्हता. पण त्याची खुर्ची सरपंचाच्या उजवीकडे असायचीच. तो म्हणाला, चांगली कल्पना आहे. देवळाची तळी आम्ही देऊ. मुलं सगळी आपलीच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून नमस्कार केला त्याला. हे लिहिताना मला कारभाऱ्याच्या वाक्यापेक्षा जास्त किळस त्या नमस्काराची येते.

दुसऱ्या दिवशी भाटकाराची सून वाचनालयात आली. तिला सगळे वहिनी म्हणायचे. पणजीत वाढलेली, शिकलेली, आठवड्याला दोन कादंबऱ्या न्यायची. माझ्याशी पुस्तकांबद्दल बोलणारी गावातली ती एकटी. तिला दोन मुली. तिलाच वर्ग हवा होता, सासऱ्यांचं मन तिनेच वळवलं होतं. खुर्चीवर बसून तिने आधी एका कादंबरीचा शेवट कसा आवडला नाही ते सांगितलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "एक गोष्ट आहे. मामंजींचं म्हणणं, पहिले पंधरा दिवस आमच्या वरच्या वाड्यावरच्या मुली. त्यानंतर तुमची मुलं. आणि तुम्ही जरा वरून शिकवा. पाण्यात नका उतरू. मनाला लावून घेऊ नका हां. मला स्वतःला असलं काही नाही."

मी विचारलं, पाण्यात न उतरता पोहणं कसं शिकवायचं?

ती म्हणाली, "मी उभी राहीन ना आत. तुम्ही सांगा, मी धरते."

मी हो म्हटलं. पंधरा दिवस. नंतर आमची पोरं. वाड्यावर एकोणीस पोरं होती आणि खड्ड्याला कुंपण नव्हतं. मी मनात हिशेब असा मांडला की माझा मान एका पारड्यात, एकोणीस पोरं दुसऱ्या पारड्यात. पारडं कोणाच्या हातात आहे ते पाहिलं नाही.

*

वर्ग मेच्या सुरुवातीला सुरू झाला. भाटकाराने नारळ फोडला. फोटो काढले. तो फोटो पेपरात आला, तो पेपर मीच काठीला लावला. त्यात मी नव्हते.

मी वरच्या पायरीवर उभी. खाली तीन पायऱ्या कोरड्या, मग पाणी. पाण्यात वहिनी कमरेपर्यंत. तिच्याभोवती अकरा मुली, बगलेत नारळ घेऊन. माझ्या हातात बांबू. मी बांबूचं एक टोक खाली सोडायचे, मुलगी ते धरायची, मी ओढायचे. पाय मारा. गुडघ्यातून नको, मांडीतून. तोंड पाण्यात घाला. घाबरू नको, नारळ बुडत नाही. वहिनी, पोटाखाली हात धरा. जरा वर. आता सोडा.

पोहायला शिकवणं म्हणजे मुळात हात. मुलीच्या पोटाखाली तुमचा तळवा असतो आणि तिला कळतं की तो आहे. मग तुम्ही तो थोडा खाली घेता आणि तिला कळत नाही. बस, एवढंच शिकवणं. ते मी बांबूने करत होते.

पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी बांबू घेऊन निघाले. देवळातल्या एका म्हाताऱ्या बाईने अडवलं. बांबूचं एक टोक ओलं होतं. तो इथेच ठेव, म्हणाली, तळीचं पाणी वाड्यावर नको. दुसऱ्या दिवसापासून मी बांबू पायरीवर ठेवून जायला लागले. कोरड्या टोकाने धरायचा, कोरड्या टोकाने ठेवायचा.

भाटकार एकदा बघायला आला. वहिनीला घाम फुटलेला, एका मुलीचा तोल जात होता, मी नकळत दोन पायऱ्या उतरले होते. तो हळूच बोलला. त्याचा आवाज कधी चढत नसे, चढवायची गरजच नव्हती.

"तूं उदकांत देंवूं नाका. वयर रावून शिकय."

पाण्यात उतरू नको, वरून शिकव. मी दोन पायऱ्या वर गेले.

नवव्या की दहाव्या दिवशी वहिनीची धाकटी, सुलू, सात वर्षांची, एक नारळ सोडून तरंगायला लागली होती. ती पाण्यातून वर बघत म्हणाली, "टीचर, तुमी कित्याक येनात? तुमकां पेंवपाक येना?"

तुम्ही का येत नाही, तुम्हाला पोहता येत नाही का. बाकीच्या मुली हसल्या. त्यांना तसंच वाटत होतं तर. पोहायला न येणारी पोहण्याची बाई.

वहिनी म्हणाली, "टीचरांक शीत बादता गो."

टीचरना थंडी बाधते. किती सहज. तिला शब्द शोधावा लागला नाही. पुस्तकं वाचणारी, मला आवडणारी बाई. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही, उलट माझ्याकडे बघून हसली, जसं काही तिने मलाच एका अवघड जागेतून सोडवलं. तिसऱ्या बुडीला हाताला लागलेली वेणी मला आठवली. खड्ड्याच्या पाण्यात मला थंडी बाधली नव्हती.

तरी मी दुसऱ्या दिवशी गेले. आणि तिसऱ्या. पंधराव्या दिवशी अकराही मुली नारळाशिवाय तळी ओलांडत होत्या. माझ्या हाताला एकीचाही स्पर्श झाला नव्हता.

*

सोळाव्या दिवशी सकाळी मी आमची एकोणीस पोरं घेऊन निघाले. वाड्यावर आठवडाभर नारळ वाळत होते. काथ्या वळून, गाठी मारून प्रत्येकाच्या गळ्यात जोडी अडकवलेली. काहींच्या आया देवळाच्या वळणापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. आठ वर्षांची मंगल सगळ्यांत पुढे. तिचे नारळ तिच्या पोटाला आपटत होते.

वास आधी आला.

तळी रिकामी होती. बूच काढलेलं. तळाशी काळा गाळ, त्यात उन्हाने चमकणारी डबकी, तडफडणारे चार मासे. दरवर्षीपेक्षा दोन आठवडे लवकर. भाटकार वरच्या पायरीवर उभा होता. माझ्या जागेवर. कारभारी त्याच्या मागे.

मी म्हटलं, आज आमच्या मुलांचा पहिला दिवस.

भाटकार म्हणाला, पाऊस यंदा लवकर आहे म्हणतात. मग एकोणीस पोरांवरून नजर फिरवली. रागाने नाही. मोजल्यासारखी.

"सगळीं आयल्यांतच न्ही. नाल्ल थंय देवळाकडेन दवरात आनी पांटले हाडात."

सगळी आलीच आहात, तर नारळ तिथे देवळापाशी ठेवा आणि टोपल्या आणा.

मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावत होते, तोवर मंगलने गळ्यातली दोरी काढली. नारळ पायरीवर ठेवले, नीट, एकमेकांना लावून. आणि घराच्या दिशेने पळत सुटली. पांटलो आणायला. ती हसत होती. गाळात मासे मिळतात, संपल्यावर उंडा मिळतो. तिच्या मागोमाग आणखी दोघं वळली. कोणी ओरडलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. पोरांनी ऐकलं आणि ती निघाली. मी बारावी शिकले, गावाचं वाचनालय सांभाळलं, आणि पंधरा दिवस वरच्या पायरीवर उभी राहिले. मंगलच्या आणि माझ्या धावण्यात फरक काय होता?

मी धावून मंगलचं मनगट पकडलं. तिला ओढत परत आणलं. तिला लागलं असेल. तिचे नारळ उचलून तिच्या गळ्यात घातले. मग भाटकाराकडे वळले. मी ओरडेन असं मला वाटलं होतं. आवाज साधाच निघाला.

"गाळ आमी काडचे नांत."

तो म्हणाला, "तुमचें घर खंय आसा?"

तुमचं घर कुठे आहे. मी सांगितलं, तुमच्या भाटात. आणि पोरांना घेऊन परत निघाले. वळणावर थांबलेल्या आया काही विचारत होत्या. मला ऐकू येत नव्हतं. गाळाचा वास केसांत बसला होता.

वाड्यावर त्या संध्याकाळी माझ्यावर सगळे तुटून पडले. कूळ कायदा, भाटकाराच्या जमिनीतलं घर राखणारा मुंडकार कायदा कागदावर आहे, म्हणाले, पण कागद पेटीत आणि भाटकार दारात. एक काका म्हणाला, दोन दिवसांचा गाळ, त्यासाठी घर घालवतेस? मी म्हटलं, गाळ दोन दिवसांचा नाही. आई चुलीपाशी बसून एवढंच म्हणत होती, "ओगी राव गो." गप्प राहा. शेवंती गेल्यापासून ती दुसरं फारसं बोलतच नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी आला. त्याची पद्धत ठरलेली. अंगणाच्या कडेला थांबायचं, पुढे यायचं नाही, हातातली काठी जमिनीवर दोनदा आपटायची. त्याने आपटली. आई ओसरीवर बांबूच्या पट्ट्या सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"पांटले ना," ती म्हणाली.

टोपल्या नाहीत. तिच्या पाठीमागे भिंतीला लावून सात पांटले उभे होते. एकात एक घातलेले, नवे, पिवळे. कारभाऱ्याला ते दिसत होते. त्याला ते दिसतायत हे आईला ठाऊक होतं. ती पट्टी सोलत राहिली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि पुढच्या घरी गेला. तिथेही पांटले नव्हते. त्या दिवशी आमच्या अख्ख्या वाड्यावर, जिथे दुसरं काही विणलंच जात नव्हतं, एकाही घरात पांटलो नव्हता.

*

एकोणीसपैकी बारा पोरांच्या घरच्यांनी त्यांना माझ्याबरोबर पाठवलं. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, दोन बस बदलून. कंडक्टरने नारळांचं वेगळं तिकीट मागितलं तेव्हा पोरं पहिल्यांदा हसली. मामाने पोरांना खाडीच्या उथळ भागात नेलं. मंगल पाण्याच्या कडेला थांबली आणि मागे वळून बघायला लागली. कोणी हाक मारतंय का ते. मामा म्हणाला, "भिया नको गो चेडवा. खाऱ्या पाण्यात माणूस हलको जाता."

मी पाण्यात उतरले. मंगलच्या पोटाखाली हात धरला. तिचं पोट थडथडत होतं. हातावर एका पोराचं वजन. असं वजन याआधी मी एकदाच पाण्यात धरलं होतं. मी हात थोडा खाली घेतला. तिला कळलं नाही.

आम्ही तिथे असतानाच गोवा घटक राज्य झाला. खाडीवरच्या दुकानात रेडिओवर भाषण चाललं होतं. दुकानदाराने पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. आपलं राज्य झालं, म्हणाला. पोरांनी ओल्या हातांनी गोळ्या घेतल्या. त्याने त्या हातावर ठेवल्या, टाकल्या नाहीत. एवढं मात्र मी पाहून ठेवलं.

परत आले तेव्हा वाचनालयाला दुसरं कुलूप होतं. पंचायतीने दुसरी व्यवस्था केली होती.

वहिनी एकदा भेटली. ती वाड्यावर आली नाही, बसस्टॉपवर मला गाठलं. मुली तुमची आठवण काढतात, म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात परत याल का. "मी मामंजींशी बोलले आहे तुमच्यासाठी. तुम्ही पाण्यात उतरलात तरी चालेल आता. फक्त तुम्ही. पोरांचं नंतर बघू."

तिला वाटत होतं, ती काहीतरी मोठं देते आहे. तिचा चेहरा खरोखर आनंदी होता. मंगलला गाळात उतरायला सांगणाऱ्या माणसापेक्षा मला ह्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली, कारण ह्या चेहऱ्याला मी एकदा हो म्हटलं होतं.

मी म्हटलं, "माका शीत बादता."

तिला तिचं वाक्य आठवलं नाही. खरंच? म्हणाली, औषध घ्या काहीतरी. बस आली आणि मी चढले.

त्या वर्षीचा गाळ तसाच राहिला. त्यावरच पावसाचं पाणी साचलं, तळीला शेवाळ धरलं. पुढच्या वर्षी भाटकाराने खाणीवरचं मशीन आणलं. पायऱ्यांचा एक कोपरा फोडून ते आत उतरवलं. दिवसभरात गाळ साफ. पण मशीन चालवणाऱ्याला झरीवरच्या चिऱ्याचं काय ठाऊक? तळाशी लोखंडी दात लागले, चिरा फुटला, झर दबली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, पाणी चढेना. भटाचे मंत्र झाले तरी चढेना. मग कारभारी आमच्या अंगणाच्या कडेला आला. ह्या वेळी काठी आपटली नाही. आईला विचारलं, झरीचं तोंड नेमकं कुठे होतं?

आईने त्याच्याकडे बघितलं. मग बांबू उचलला आणि सोलायला लागली. मी ओसरीवरच होते. मी तिला, सांग, असं म्हटलं नाही. गावाचं पाणी होतं ते, सुपारीचंही, गुरांचंही. मी तरी म्हटलं नाही. ह्याबद्दल मला कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे, आणि ते कोणाला आवडणार नाही.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. झरीची जागा तिने मलाही सांगितली नाही. मी विचारली नाही.

आमची घरं अजून त्याच जागी आहेत. ती खाली करायला भाटकाराने घातलेला खटला अजून चालू आहे. तळीत पावसाचं पाणी साचतं, हिरवं होतं, मार्चपर्यंत आटतं. गाळ गुडघ्याच्या वर आला आहे. खाणीच्या खड्ड्याला कुंपण नाही. दर मेमध्ये मी वाड्यावरची पोरं घेऊन पेडण्याला जाते. आता मंगलही येते, तिच्या मुलीला घेऊन. आमच्या वाड्यावर आज पोहता न येणारं एकही पोर नाही.

शेवंतीचे दोन नारळ वाशाला टांगलेले आहेत. ते मी कोणाला देत नाही.